लाल ठिपक्याखालचा टाका

मोठ्या कचऱ्याची तारीख लागली की नोएलीन पॅस्कोच्या अंगात येतं. वर्षातून एकदा आमच्या लार्ग्स बेमधली माणसं घरातलं नकोसं सामान रस्त्याकडेच्या गवतावर आणून ठेवतात, आणि पालिकेची गाडी येईपर्यंत ज्याला जे हवं ते त्यानं उचलावं, असा न लिहिलेला कायदा आहे. बाई त्र्याहत्तर वर्षांची, गुडघे कुरकुरतात, डॉक्टरांनी वजन उचलायला साफ बंदी केलीय. पण त्या दिवशी सकाळी सहालाच ती जुळ्या भावाच्या खिडकीवर थापा मारत उभी.

"कॉलिन, ऊठ रे! दुसरं कुणी घेऊन जाईल!"

"कोण नेतंय ती धुडं? तुझ्यासारखं खुळं दुसरं आहे का गावात?" कॉलिन आतून ओरडतो. मग मुकाट्यानं पिकअप काढतो. जन्मापासून तेच चाललंय. ती त्याच्याआधी अकरा मिनिटं जन्माला आली आणि तेव्हापासून त्याला ओढतेच आहे.

या खेपेला तिसऱ्या गल्लीत, एका फाटक्या गादीखाली, तिला रेडिओग्राम दिसला. लांबलचक लाकडी पेटारा, एका टोकाला तबकडी लावायची जागा, मधे रेडिओ, दोन्ही बाजूंना स्पीकर. एके काळी घरोघरी पुढच्या खोलीत हे धूड असायचं, वर विणलेला रुमाल आणि रुमालावर लग्नाचा फोटो. आता लाकूड फुगलेलं, आणि पाठीमागच्या पुठ्ठ्याला भोक.

"अगं, यात उंदीर नांदतायत," कॉलिन म्हणाला.

"नांदू देत. आजपासून त्यांनी दुसरं घर बघावं. तू तिकडून धर."

लोकांना वाटतं, म्हातारीला जुन्या गाण्यांचा नाद आहे. आहेच. दुपारी चारला चहाचा कप घेऊन ती आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसते, तिथं अशी आठ धुडं तिनं जिवंत केलेली आहेत. बटण दाबलं की आतले काचेचे व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यात मागून केशरी उजेड चढतो, तापल्या धुळीचा वास येतो, आणि मग गाणारी बाई अशी समोर येऊन उभी राहते की तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यावा. डावीकडे पियानो, उजवीकडे झांजा, मधे ती. आताच्या त्या काडेपेटीएवढ्या डब्यांतून येतो तो आवाज, यातून येतं ते माणूस, असं नोएलीनचं ठाम मत आहे आणि त्यावर ती कुणाशीही भांडायला तयार असते. डोळे मिटून ती त्या अनोळखी गाणारीचे मनापासून आभार मानते.

पण खरं कारण निराळं होतं. ही धुडं तिनं स्वतःच्या हातांनी बनवली होती.

विशीत ती पोर्ट रोडजवळच्या रेडिओच्या कारखान्यात होती. कारखाना कधीच बंद पडला, आता तिथं सोफे विकतात. लांब सरकत्या पट्ट्याशी चाळीस बायका बसायच्या आणि प्रत्येकीनं आपल्या वाट्याच्या तारा सोल्डरनं, म्हणजे वितळवलेल्या कथलानं, जोडून पेटी पुढच्या बाईकडे सरकवायची. एकेका जोडाला टाका म्हणायचे. टाका पक्का असला तर पन्नास वर्षं बघावं लागत नाही. कच्चा असला तर वरून ठीकठाक, आतून सुटा. रेडिओ दोनचार महिने गातो आणि मग खरखरायला लागतो. आणि हे पाप कुणाचं ते कळावं म्हणून प्रत्येकीनं आपल्या टाक्यावर आपल्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. एकीचा रंग दुसरीनं वापरायचा नाही. माल परत आला की मुकादम पाठ उघडायचा, कच्च्या टाक्यावरचा रंग बघायचा, आणि त्या रंगाची बाई घरी जायची.

नोएलीनचा रंग जर्दाळूचा. शेजारच्या फ्रोसोचा भडक लाल.

फ्रोसो ग्रीसहून आलेली, नोएलीनहून बारा वर्षांनी मोठी आणि तोंडानं फटकळ. नोएलीननं सरकवलेली पेटी तिच्याकडेच जायची. "पोरी, हात आहेत का पिंपळाची पानं? काही खाल्लंस का सकाळपासून?" असं ती पट्ट्यावर सगळ्यांदेखत खेकसायची. नोएलीनला तिचा रागच यायचा.

मग एकाहत्तर सालच्या जुलैत सहा पेट्या खरखर करत परत आल्या. मुकादम नवा, आठ दिवसांचा, कोण कुठं बसतं तेही त्याला पाठ नव्हतं. त्यानं एक पेटी उघडून लांबूनच दाखवली आणि समोर पहिली दिसली त्या नोएलीनला विचारलं, "हा लाल कुणाचा?"

"फ्रोसोचा," नोएलीन म्हणाली.

फ्रोसोनं एकदा तिच्याकडे पाहिलं, ॲप्रन काढून त्याची घडी केली आणि निघून गेली. त्या वेळी नोएलीनला काय वाटलं होतं? सुटल्यासारखं वाटलं होतं. तो रंग आपला नव्हता, एवढंच.

पुढे या धुडांचा नाद लागल्यावर आत जुने ठिपके दिसायचे. जर्दाळूचा दिसला की ती हरखायची, आणि लाल दिसला की जुन्या रेडिओंच्या बाजारात चार माणसं जमवून सांगायची, "हा बघा, आमच्या फ्रोसोचा! जग इकडचं तिकडे होईल, पण हिचा टाका कच्चाच निघायचा." लोक हसायचे. हा विनोद तिनं पंधरा वर्षं केला.

या रेडिओग्रामात उंदरांनी सगळीकडे घाण केलेली. एरवी ठिपक्याखाली काय आहे ते ती बघत नसे, सोल्डरची तापलेली इस्त्री टेकवून टाका उतरवायची की रंग जळून जायचा. या वेळी नाक धरून एकेक पट्टी पुसावी लागली, नेलपॉलिश काढायच्या औषधात कापूस बुडवून. कापूस लाल झाला. मग त्या लालात फिकट काहीतरी आलं.

नोएलीननं चष्मा पुसला आणि दिवा जवळ ओढला.

टाक्यावर लाल होता, पण टाक्याशेजारी, पितळेच्या कडेवर, लालाखाली जर्दाळूच्या रंगाची खपली होती. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. तिनं बोट ठेवून मोजलं. डाव्या स्पीकरच्या पट्टीवरचे अकरा टाके. ती जागा फ्रोसोची नव्हतीच. ती तिची स्वतःची जागा होती.

तळाला शिक्का होता, मे १९७१.

तो मे महिना तिला विचारायलाच नको. आदल्या वर्षी सक्तीच्या लष्करभरतीची सोडत निघाली होती, पिंपातून तारखांच्या गोट्या काढायचे, आणि त्यात या दोघांची जन्मतारीख आली. तारीख दोघांची, जायचं मात्र एकट्या कॉलिननं. तो व्हिएतनामला होता आणि सात आठवडे त्याचं पत्र नव्हतं. वडील नव्हते. आई आणि ती, आणि घर चालायचं ते तिच्या पगारावर. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, आणि सकाळी पट्ट्यावर हात असे थरथरायचे की सोल्डरची तार धरवायची नाही. तरी ती टाके देत होती, वर ठिपका लावत होती, आणि वाटत होतं की जमतंय. कुणी काही म्हणत नव्हतं ना.

अकरापैकी आठ टाके नव्याने दिलेले होते. भरीव, गोल, फ्रोसोचा हात कुठं लपतो? उरलेल्या तीन टाक्यांना तिला वेळ मिळाला नसणार, पट्टा कुणासाठी थांबत नाही. त्यांच्यावर तिनं नुसताच आपला लाल रंग फासला होता. परत आल्या त्या सहा पेट्यांत असेच काही राहिले असणार.

"कॉलिन!" नोएलीननं हाक मारली, आणि तिचा आवाज ऐकून तो चप्पल न घालताच धावत आला.

तिनं त्याला सगळं दाखवलं, सांगितलं. तो स्टुलावर बसला. थट्टा केल्याशिवाय ज्याला श्वास घेता येत नाही त्या माणसानं वाकून एकेक ठिपका बोटानं चाचपला.

"म्हणजे माझ्यापायी तिची नोकरी गेली," तो म्हणाला.

"तुझ्यापायी नाही रे. माझ्या तोंडापायी. मी म्हटलं ना, फ्रोसोचा. एका शब्दानं." तिला रडू फुटलं. "आणि वर पंधरा वर्षं हसते आहे तिला. लोकांना बोलावून बोलावून."

"मग रडत काय बसलीस? असेल तर जाऊन भेट. नसेल तर फुलं ने."

"पंच्याऐंशीची असेल आता."

"म्हणूनच म्हणतोय, चप्पल घाल."

पण नोएलीन लगेच गेली नाही. आधी हे यंत्र गायला हवं, असं तिनं स्वतःला बजावलं. खरं म्हणजे भीती वाटत होती. तीन आठवडे तिनं जीव ओतला. सगळे कंडेन्सर बदलले, तबकडीच्या चाकाचं रबर नवं घातलं, लाकडाला तेल पाजलं. त्या तीनपैकी दोन कच्चे टाके उतरवून पक्के केले. तिसरा मात्र तिनं ठेवला. त्यावरचा लाल ठिपका आणि खालून डोकावणारी जर्दाळूची कड, त्याला तिनं हात लावला नाही. देवाच्या वस्तूला लावत नाहीत तसा.

फ्रोसो थेबर्टनला राहायची एवढंच तिच्या लक्षात होतं. तिथल्या ग्रीक मिठाईच्या दुकानात तिनं विचारलं. काउंटरवरच्या बाईनं आधी तिला अर्धा किलो मिठाई घ्यायला लावली आणि मग पत्ता दिला. "फ्रोसोमावशी ना? मोटार लावायच्या मांडवावर द्राक्षाचा वेल आहे ते घर. पण जपून हं, ती बोलते."

"ठाऊक आहे," नोएलीन म्हणाली. ती अजून आहे, एवढं कळताच तिनं मिठाईचा पुडा छातीशी धरला.

मांडवाखाली फ्रोसो बसली होती. काळा झगा, समोर हिरव्या ऑलिव्हचं घमेलं, हातात गुळगुळीत दगड. एकेक फळ फरशीवर ठेवून ती लोणच्यासाठी ठेचत होती आणि बादलीत टाकत होती. हाडं आणि कातडी तेवढी उरलेली. पण नखं लाल. तोच लाल.

येताना गाडीत नोएलीननं एक भाषण तयार केलं होतं. कॉलिनला तीनदा म्हणूनही दाखवलं होतं.

"काय पाहिजे?" फ्रोसो म्हणाली.

"मी नोएलीन. कारखान्यातली. तुमच्या डाव्या हाताला बसायचे मी."

फ्रोसोचा दगड हातातच राहिला. तिनं नोएलीनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"भाऊ परत आला का?" तिनं विचारलं.

भाषण गेलं कुठल्या कुठं. नोएलीननं नुसता हात करून फाटकाकडे दाखवलं. तिथं पिकअपच्या मागे उभा राहून एक टकला, पोट सुटलेला म्हातारा दोरीची गाठ सोडत होता आणि सुटत नाही म्हणून गाठ मारणारीला शिव्या घालत होता.

"तो काय," नोएलीन म्हणाली. "तो शिव्या देतोय ना, तो."

फ्रोसो उठली. भिंतीला धरत फाटकापर्यंत गेली, आणि ऑलिव्हच्या रसानं बरबटलेल्या दोन्ही हातांत तिनं कॉलिनचं तोंड धरलं. त्यानं धरू दिलं.

"लठ्ठ झालास," ती म्हणाली. "छान झालं." मग तिनं छातीवर क्रूस केला आणि एकदम भडकली. "अरे, बावन्न वर्षं दर रविवारी देवळात तुझी मेणबत्ती लावतेय मी! जिवंतांच्या बाजूला लावू का मेलेल्यांच्या, कळेना. मग एक रविवार इकडे, एक रविवार तिकडे. आणि तू राहतोस कुठं?"

"लार्ग्स बेला," कॉलिन म्हणाला.

"वीस मिनिटांवर! गाढवा, एकदा मासे खायला तरी यायचंस! तीस वर्षं आमचं मासे तळायचं दुकान होतं, अख्खं गाव येऊन गेलं, तेवढा तूच नाहीस!"

नोएलीन मागे उभी राहून रडत होती आणि हसतही होती. शेवटी तिनं मन घट्ट केलं. "फ्रोसो, ते टाके माझे होते. कच्चे होते ते माझे. तुम्ही वरून लाल लावलात. आणि मुकादमानं विचारलं तेव्हा मी तुमचं नाव घेतलं. मला माहीत नव्हतं हो."

"तुला माहीत असतं तर लाल लावून काय उपयोग झाला असता? तू भोळी, लगेच माझे माझे म्हणून रडली असतीस आणि माझी नेलपॉलिश फुकट गेली असती." फ्रोसो पुन्हा बसली आणि तिनं दुसरा दगड नोएलीनच्या हातात दिला. "उभी काय आहेस? ठेच. बी फुटता कामा नये."

नोएलीन ठेचायला बसली.

"गोडगोड समजू नकोस हं," थोड्या वेळानं फ्रोसो म्हणाली. "सहा महिने काम नव्हतं. नवरा रोज बोलायचा. मीही तुला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. पण माझाही एक भाऊ होता. तिकडे ग्रीसमधल्या लढाईत डोंगरात गेला आणि त्याची बातमीच आली नाही. मेल्याचीसुद्धा नाही. आई दारात बसायची. तू ॲप्रनच्या खिशातलं ते जुनं पत्र सारखं चाचपायचीस ना, मला बघवायचं नाही. म्हटलं, हिचा हात परत स्थिर होईपर्यंत आपण बघू. मला नवरा होता, तुला कोण होतं?"

नोएलीनचा पगार टिकला, घर टिकलं, आणि तिच्या आईनं त्या घरातच डोळे मिटले, आपल्या अंथरुणावर, आपल्या खिडकीशी. तेही या बाईमुळे. नोएलीनला ते आत्ता, दगड हातात धरून कळलं. तिनं फ्रोसोचा रसानं चिकट झालेला हात उचलून आपल्या कपाळाला लावला. "मी कशी फेडू हे?" ती म्हणाली.

"ठेच म्हटलं ना," फ्रोसो म्हणाली. पण हात तिनं लगेच काढून घेतला नाही.

कॉलिननं आणि शेजारच्या माणसानं मिळून रेडिओग्राम मांडवात आणला. फ्रोसोनं आतून एक तबकडी आणली, कडा झिजलेली, लग्नात आलेली. घरातून वायर ओढली. केशरी उजेड चढला, तापल्या लाकडाचा वास आला आणि मांडवात एक ग्रीक बाप्या मोकळ्या गळ्यानं गायला लागला. डावीकडून तारा छेडल्या जात होत्या, उजवीकडे कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. फ्रोसोचं डोकं डुलायला लागलं. मग थांबलं.

"डावीकडे खरखरतंय."

पंच्याऐंशीव्या वर्षी कान बघा! नोएलीन ओशाळली. तिनं यंत्र बंद केलं, तार काढली, पाठ उघडून तो एक टाका दाखवला. "एवढा ठेवलाय. तुमचा ठिपका आहे त्यावर. आठवण म्हणून."

फ्रोसोनं चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "वेडी का काय तू? कच्चा टाका कुणी जपून ठेवतं का? हा काय फोटो आहे? इस्त्री आणलीस ना? दे आत्ताच्या आत्ता. मी बघतेय."

नोएलीननं पिकअपमधून इस्त्री आणली. लाल रंग जळाला, जर्दाळूचा जळाला, जुनं सोल्डर पाण्यासारखं वितळून निघून गेलं. तिनं नवा टाका दिला. फ्रोसो खांद्यावरून बघत होती, नोएलीन पुन्हा वीस वर्षांची असावी तशी. पण हात थरथरला नाही.

"हं," फ्रोसो म्हणाली. "आता शिकलीस."

नोएलीननं पर्समधून आपली जर्दाळूची बाटली काढली. ती उघडायच्या आत फ्रोसोनं झग्याच्या खिशातून आपली बाटली काढलीसुद्धा. तिचा हात मात्र आता पिंपळाच्या पानासारखा हलत होता. डाव्या हातानं उजवं मनगट धरून, ओठ आवळून, तिनं त्या ताज्या टाक्यावर भडक लाल ठिपका ठेवला.

"अहो, हा तर पक्का आहे," नोएलीन म्हणाली. "माझा आहे."

"असू दे. परत आला तर माझ्यावर." फ्रोसोनं ठिपक्यावर फुंकर मारली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं. "आणि कुणी विचारलंच, लाल कुणाचा, तर खरं सांग. तुला ते छान जमतं."

नोएलीनला हसू आलं.

"सांगेन," ती म्हणाली. "आता सगळं सांगेन."